बँक नावाचा जोखमीचा धंदा

मार्च २०१९ अखेरचा एका सहकारी बँकेचा ताळेबंद समोर ठेवू. ठेवी ११,६१७ कोटी रुपये, कर्जं ८,३८३ कोटी, वर्षाचा नफा ९९ कोटींच्या वर. ढोबळ एनपीए, म्हणजे ज्यांची वसुली अडली आहे अशी कर्जं, ३.७६ टक्के. भांडवल पर्याप्तता १२.६२ टक्के, म्हणजे तेव्हा नियमाला हवी होती त्यापेक्षा चांगली वरचढ. ऑडिट वर्ग 'अ'. अनेक राज्यांत पसरलेल्या १३७ शाखा. एखाद्या चौकस माणसानंही हा अहवाल चाळून आपल्या मुदत ठेवीचं नूतनीकरण केलं असतं, आणि हजारो जणांनी ते केलंही. त्यानंतर सहा महिनेही उलटले नाहीत, तोच २४ सप्टेंबर २०१९ ला ग्राहकांच्या मोबाइलवर निरोप आला: पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. ही बँक म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, आपल्या तोंडी बसलेली पीएमसी.

मग त्या ताळेबंदातला कुठला आकडा खोटं बोलत होता? ते ओळखायचं तर बँक जोखीम घेते कशी, मोजते कशी आणि मोजणारी यंत्रणा नेमकी कुठे बिघडते, हे ठाऊक हवं. बँकिंगच्या अभ्यासक्रमांत या विषयावर जाडजूड पुस्तकं असतात, त्यांत सूत्रं आणि आलेख खच्चून भरलेले असतात. पण मुळातला हिशोब किराणा दुकान चालवणाऱ्यालाही सहज कळेल असा आहे.

तुम्ही बँकेत शंभर रुपये ठेवलेत. तुमच्या दृष्टीनं ती तुमची पुंजी. बँकेच्या वहीत मात्र ते 'देणे' या बाजूला बसतात, कारण ते परत करायचे आहेत. यातले तीन रुपये बँकेनं रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचे. हे रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर, पूर्वी जास्त होतं. २०२५ च्या अखेरीला ते ३ टक्क्यांवर आलं. या तीन रुपयांवर बँकेला दमडी व्याज मिळत नाही. किमान अठरा रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवायचे, तो एसएलआर. थोडी रोकड गल्ल्यात आणि एटीएममध्ये. उरलेल्यातून कर्जं: कुणाचा फ्लॅट, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाच्या दुकानातला माल. तुम्ही उद्या सकाळी शंभर रुपये मागू शकता, पण फ्लॅटवाला ते वीस वर्षांत फेडणार आहे. या दोन मुदतींतल्या अंतरावरच बँक पोट भरते. ठेवीला सहा-सात टक्के द्यायचे, कर्जाला नऊ-दहा टक्के घ्यायचे आणि मधल्या तीनेक टक्क्यांत पगार, भाडं, वीज, संगणक आणि बुडीत कर्जं भागवायची. जोखीम अजिबात नको म्हणणाऱ्यानं लॉकर भाड्यानं द्यावेत. बँक काढू नये.

हे तीन टक्के किती तुटपुंजे आहेत ते बघा. एक लाखाचं एक कर्ज पूर्ण बुडालं, तर ते भरून काढायला तेहेतीस लाखांच्या चांगल्या कर्जांचं वर्षभराचं मार्जिन खर्ची पडतं, आणि तेही पगार-भाडं जमेस न धरता. म्हणून कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनं शंभरातली सत्त्याण्णव माणसं प्रामाणिक निघणं पुरेसं नसतं. राहिलेले तिघे किती कर्ज घेऊन बसलेत, यावर सगळं ठरतं.

तोटा झालाच तर तो आधी कुणी सोसायचा? मालकांनी. सहकारी बँकेत मालक म्हणजे सभासद. त्यांचे शेअर्स आणि वर्षानुवर्षं साठवलेली गंगाजळी मिळून बँकेचा स्वनिधी होतो. कर्जं बुडू लागली की आधी नफा जातो, मग गंगाजळी, मग भाग भांडवल. हे सगळं संपल्यावर कुऱ्हाड ठेवीदारावर येते. म्हणजे स्वनिधी जितका जाड, तितका ठेवीदार आतल्या बाजूला सुरक्षित. किती जाड असावा, याचं आंतरराष्ट्रीय माप ठरलं त्याची सुरुवात एका बुडालेल्या जर्मन बँकेपासून झाली. जून १९७४ मध्ये कोलोनची हेरश्टाट बँक बंद पडली, परकी चलनाच्या व्यवहारांत जगभरच्या बँका अडकल्या, आणि त्याच वर्षाअखेरीला मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात एक समिती बसवली. तिनं १९८८ मध्ये सांगितलं: जोखमीनुसार भार लावलेल्या मालमत्तेच्या किमान ८ टक्के भांडवल हवं. भारतात ते ९ टक्के आहे, आणि अगदी लहान सोडल्या तर नागरी सहकारी बँकांना २०२२ मध्ये १२ टक्क्यांपर्यंत जायला सांगितलं गेलं. 'भार' म्हणजे काय? सरकारी रोख्याला शून्य, कारण सरकार बुडणार नाही असं धरलेलं. घर तारण असलेल्या कर्जाला कमी. विनातारण वैयक्तिक कर्जाला जास्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यापारी बँकांच्या अशा कर्जांचा भार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला गेला, कारण मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारी कर्जं रिझर्व्ह बँकेला खुपू लागली होती.

आता कर्जाच्या फायलीत डोकावू. तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे, मालकाला वीस लाखांचं कॅश क्रेडिट हवं आहे. फायलीत तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणं, सिबिलचा अहवाल, जागेचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, दोन जामीनदार. वीस लाख मंजूर झाले म्हणजे वीस लाख उचलता येतात असं नाही. दर महिन्याला दुकानदार स्टॉक स्टेटमेंट देतो. समजा त्यात माल चोवीस लाखांचा, गिऱ्हाइकांकडून येणं आठ लाख आणि व्यापाऱ्यांचं देणं आठ लाख. निव्वळ चोवीस लाख. त्यातला पाव हिस्सा दुकानदाराचा स्वतःचा असायला हवा, म्हणून सहा लाख वजा. उरले अठरा लाख; या महिन्यात उचल तेवढीच. बँकेच्या भाषेत ही ड्रॉइंग पॉवर. विक्री मंदावली की ती आपोआप आक्रसते.

कागदावर हे फार शिस्तीचं दिसतं. खरी परीक्षा अधिकारी गोदामात जातो तेव्हा होते. मुरलेला अधिकारी पुढे मांडलेला माल बघत नाही, मागच्या रांगेतला बघतो. गेल्या खेपेला धूळ खात पडलेले नळाचे खोके अजून तिथेच असतील, तर ते स्टेटमेंटमध्ये माल म्हणून मोजले जातात, पण ते विकले जाणार नाहीत. पुढे तो खात्याचा उतारा काढतो. वर्षाला दीड कोटीची विक्री दाखवणाऱ्याच्या खात्यात साठच लाख जमा होत असतील, तर उरलेली रक्कम दुसऱ्या बँकेत जाते आहे किंवा ती विक्रीच झालेली नाही. वीजबिल अचानक उतरलं, दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी कुठूनतरी मोठी रक्कम येऊन दोन दिवसांनी परत गेली, मालकाचा फोन मुलगा उचलू लागला, असल्या खुणा कुठल्याही सूत्रात बसत नाहीत. आजकाल संगणक यातल्या काही खुणा टिपतो, ते चांगलंच आहे. पण गोदामातली धूळ त्याला अजून दिसत नाही, आणि शाखाधिकाऱ्याची तीन वर्षांनी बदली होते तेव्हा त्याच्याबरोबर हे सगळं ज्ञानही निघून जातं. माझ्या मते आपल्या बँकांतली ही सर्वांत कमी बोलली गेलेली गळती आहे.

हप्ता थकला की पुढचा रस्ता आखलेला असतो. नव्वद दिवस ओलांडले की खातं एनपीए. त्याआधी तीस आणि साठ दिवसांचे इशाऱ्याचे टप्पे आहेत. एनपीए झालं की दोन गोष्टी घडतात: न मिळालेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. आज हे साधं वाटतं. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या आधी आपल्याकडे वसूल न झालेलं व्याजही सर्रास नफ्यात दाखवलं जाई. बँक कागदावर कमवत राही आणि तिजोरीत काही येत नसे.

नियम आला, तशी पळवाटही आली. ग्रामीण महाराष्ट्रात पीककर्जाचं 'नवं-जुनं' सगळ्यांना ठाऊक आहे: मार्चअखेर जुनं कर्ज कागदोपत्री भरून घ्यायचं, दोन-चार दिवसांनी तेवढंच किंवा थोडं जास्त नवं द्यायचं. शेतकरी दोन दिवसांसाठी हातउसने आणतो, सोसायटीची वसुली शंभर टक्के दिसते. याच युक्तीची हजार कोटींची आवृत्ती मोठ्या बँकांनी मोठ्या कंपन्यांसाठी वापरली. २०१५ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या कर्जांची सखोल तपासणी केली आणि लपलेलं बाहेर काढायला लावलं. मार्च २०१८ मध्ये एनपीए ११ टक्क्यांच्या वर गेला. तेव्हा अनेकांनी तक्रार केली की या तपासणीनं बँका आजारी पाडल्या. मला हे कधीच पटलेलं नाही. ताप थर्मामीटरनं येत नाही. मोजमाप खरं झाल्यावर सरकारनं भांडवल ओतलं, दिवाळखोरीचा कायदा आला, वसुली झाली, बरंचसं निर्लेखितही झालं, आणि २०२५ पर्यंत तोच आकडा अडीच टक्क्यांच्या खाली आला. येस बँकेचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१५-१६ साठी तिनं एनपीए दाखवला होता ७४९ कोटी. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो निघाला ४,९२६ कोटी. हा फरक जाहीर झाला २०१७ मध्ये. मार्च २०२० मध्ये बँकेवर निर्बंध आले. मधली तीन वर्षं हा फरक अहवालात छापलेला होता, कुणीही वाचावा असा.

आता पुन्हा पीएमसीकडे. सगळं रान एकाच पिकाखाली आणू नये, हे जसं शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, तसं एकाच कर्जदारावर बँक उभी करू नये हे कुठल्याही बँकरला सांगावं लागत नाही. तरीही नियम आहे. तेव्हा नागरी सहकारी बँकेला एका कर्जदाराला स्वनिधीच्या १५ टक्के आणि एका उद्योगसमूहाला ४० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येत होतं. पीएमसीचा स्वनिधी हजार-बाराशे कोटींचा धरला, तर समूहाची मर्यादा पाचशे कोटींच्या आत येते. प्रत्यक्षात एचडीआयएल या एका बांधकाम समूहाकडे सुमारे साडेसहा हजार कोटी गेले होते, सप्टेंबर २०१९ मधल्या एकूण कर्जांच्या ७३ टक्के. ही कर्जं थकलेली होती. मार्चच्या ताळेबंदातला ३.७६ टक्क्यांचा एनपीए आणि हे ७३ टक्के शेजारी शेजारी ठेवून बघा.

एवढं मोठं कर्ज लपतं कसं? तपासात पुढे आलेली हकीकत विलक्षण आहे. समूहाची ४४ खाती होती. त्यांच्या जागी २१,०४९ काल्पनिक कर्जखाती दाखवली गेली. निलंबित व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रातला तपशील असा: ही खाती बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत कधी उघडलीच गेली नव्हती, ती होती फक्त तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या कर्जांच्या यादीत. शिवाय ती दाखवली होती ठेवतारण कर्जं म्हणून, लहान लहान रकमांची. यातली खोच लक्षात घ्या. तपासणी अधिकारी हजारो खात्यांतून नमुना निवडतो तेव्हा तो मोठी खाती आणि धोक्याची खाती उचलतो. आपल्याच मुदत ठेवीवर घेतलेलं लहान कर्ज हे बँकिंगमधलं सर्वांत निर्धोक कर्ज. ते कोण तपासणार? ज्यांना तपासणीची पद्धत आतून माहीत होती, त्यांनीच ती रचना केली होती. ऑडिटरांची नजर वर्षभरात वाढलेल्या कर्जांवरच असे, असंही त्याच पत्रात होतं. हे उघडकीला आलं ते बँकेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी तोंड उघडल्यामुळे. जोखीम व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला फार जागा मिळत नाही, पण मोठे घोटाळे फुटण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

पीएमसीच्या सुमारे एक वर्ष आधी पुण्यात झालेला प्रकार याच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एरवी आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र मधल्या स्विचमार्फत बँकेच्या प्रणालीला विचारतं: या खात्यात एवढी शिल्लक आहे का? उत्तर आलं की नोटा येतात. कॉसमॉस बँकेच्या बाबतीत हल्लेखोरांनी मध्येच स्वतःचा बनावट स्विच बसवला. तो बँकेला काही विचारतच नव्हता. प्रत्येक मागणीला परस्पर होकार देत होता. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून अडीच कोटी. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पैसे काढले बनावट कार्डांनी आणि तेही बँकेच्या खात्यांना हात न लावता, त्यामुळे कुठल्याही ठेवीदाराची शिल्लक कमी झाली नाही. फटका बँकेनं स्वतः खाल्ला. दोन दिवसांत ९४ कोटी जाणं सहकारी बँकेसाठी सोपं नव्हे. पण तोटा लगेच मोजला गेला, पोलिसांत गेला, जाहीर झाला, नफ्यातून आणि गंगाजळीतून भरला गेला. १९०६ ची ही बँक टिकली आणि पुढे अडचणीतल्या काही लहान सहकारी बँका तिनंच सामावून घेतल्या. पीएमसीत एका दिवसात काहीच घडलं नव्हतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं लपत गेलं, आणि जे लपलं त्यासाठी कुठलीच तरतूद झाली नाही. मोजलेला तोटा स्वनिधीतून वजा होतो. न मोजलेला ठेवीदाराच्या नावावर साठत जातो.

कॉसमॉसवर आला तशा धोक्याला कामकाजातली जोखीम म्हणतात, आणि तिच्यावरचे उपाय फार जुने, साधे आहेत. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची. वर्षातून सलग काही दिवसांची सक्तीची रजा, म्हणजे त्या काळात दुसरा माणूस खुर्चीवर बसतो आणि काही शिजत असेल तर वास येतो. अचानक येऊन रोकड मोजायची. यातली एखादी गोष्ट जरी ढिली पडली तरी काय होतं, ते मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत दिसलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचं पथक तपासणीला गेलं आणि वहीतली रोकड व तिजोरीतली रोकड जुळेना. पोलिसांच्या म्हणण्यानुसार फरक होता १२२ कोटींचा. एवढ्या नोटा नसताना त्या असल्याची नोंद रोज संध्याकाळी होत राहिली, आणि कुणीतरी रोज त्यावर सही करत राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला २०१८ चा घोटाळाही असाच: परदेशी हमीचे संदेश स्विफ्टवरून जात, पण ती यंत्रणा बँकेच्या मुख्य प्रणालीला जोडलेली नव्हती. डाव्या हातानं दिलेल्या हमीची नोंद उजव्या हाताच्या वहीत नव्हतीच.

मुदतींच्या अंतराची जोखीम मी वर ओझरती सांगितली. तिचं अलीकडचं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं. तिची कर्जं फारशी बुडाली नव्हती. तिनं ठेवीदारांचे पैसे लांब मुदतीच्या, अगदी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या रोख्यांत ठेवले होते. पण बाजारात व्याज वाढलं की जुन्या रोख्याची किंमत पडते. सात टक्के देणारा दहा वर्षांचा शंभराचा रोखा, बाजारदर आठ टक्के झाल्यावर त्र्याण्णवच्या आसपास विकला जातो. 'मुदतीपर्यंत ठेवणार' असं म्हटलं की ही पडझड नफा-तोट्यात दाखवावी लागत नाही. २०२२ अखेर या बँकेची अशी न दाखवलेली घट सुमारे १५ अब्ज डॉलर होती, जवळजवळ तिच्या भांडवलाइतकी. तळटीपेत ती लिहिलेली होती. मुख्य जोखीम अधिकाऱ्याची खुर्ची त्या वर्षी कित्येक महिने रिकामी होती. ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला लावले आणि दुसऱ्या दिवशी बँकेला कुलूप लागलं. आपल्याकडे २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस याच खड्ड्यात पडली: पंधरा-वीस वर्षांनी पैसे देणारे रस्ते आणि बोगदे, आणि त्यासाठी उचललेली बरीचशी कर्जं काही महिन्यांची. सुमारे ९१ हजार कोटींचं देणं असलेल्या या समूहाच्या कागदांना कोसळण्याच्या जेमतेम महिनाभर आधीपर्यंत सर्वोच्च पतमानांकन होतं.

म्हणून जोखीम अधिकारी या माणसाकडे नीट बघायला हवं. कर्ज विभागाचं काम धंदा आणणं, याचं काम नको म्हणणं. रिझर्व्ह बँकेनं नियमातच लिहिलं आहे की मुख्य जोखीम अधिकाऱ्याला धंद्याची उद्दिष्टं देऊ नयेत आणि धंदा आणणाऱ्या विभागाच्या हाताखाली ठेवू नये. पाच हजार कोटींवर मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांनाही २०२१ पासून हे पद नेमणं भाग आहे. त्याच वर्षी वैधानिक ऑडिटरचा कार्यकाळ सलग तीन वर्षांवर आणला गेला. हे सगळं चांगलं आहे. तरी अध्यक्षांच्या मर्जीतल्या कर्जदाराच्या फायलीवर 'शिफारस नाही' असं लिहून नोकरी टिकवणं आपल्याकडे किती जणांना जमतं, हा प्रश्न परिपत्रकानं सुटत नाही. मला विचाराल तर बँकेची तब्येत कळायला नाकारलेल्या कर्जांची यादी सर्वांत उपयोगी पडली असती. ती कुणी छापत नाही.

सगळं फसल्यावर उरतो ठेव विमा. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून तो सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३ मध्ये एक लाख झाली आणि पीएमसीच्या धक्क्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. विम्याचा हप्ता बँक भरते. पूर्वी मोठी अडचण अशी होती की बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघाल्याशिवाय विमा मिळत नसे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला ऑगस्ट २०२२ मध्ये. १९१२ पासूनच्या या बँकेत निवृत्तीची पुंजी ठेवलेली कितीतरी माणसं मधल्या साडेनऊ वर्षांत खेपा घालत राहिली, काही पैशांची वाट बघतच गेली. २०२१ च्या दुरुस्तीनं आता निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यावी लागते. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवीदारांची उरलेली रक्कम टप्प्याटप्प्यानं, मोठ्यांची तर दहा वर्षांपर्यंत, मिळणार आहे.

पाच लाखांचा हिशोब नीट समजून घ्या. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. एकाच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या असल्या तरी एका नावावर मर्यादा एकच. बँक वेगळी, तर मर्यादा वेगळी. सभासद म्हणून घेतलेल्या शेअर्सना विमा नाही. आणि आपल्या गल्लीतली पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या देखरेखीखाली येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही, आणि तिथल्या ठेवीला हा विमा लागू होत नाही. एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं ते याच जोखमीचं.

सहकारी बँकेचे सभासद असाल, तर सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधी अहवाल हातात येतो. लाभांशाचं पान झाल्यावर मागच्या बाजूची बारीक टायपातली टिपणं काढा. वीस सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जांतले किती टक्के आहेत, ते तिथे छापावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत एनपीए वेगळा निघाला असेल आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला असेल, तर तोही. बँकेला झालेला दंड आणि त्याचं कारणही. हे तीन आकडे मागच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघा. कर्जांतला वीस जणांचा वाटा वाढत असेल, तर का वाढतो आहे ते सभेत उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावा. आणि एकाच बँकेत पाच लाखांच्या वर ठेव असेल, तर पावतीची मुदत संपताच वरची रक्कम दुसऱ्या बँकेत हलवा.